वीस महिन्यांची मुलगी जेवत नाही, की तिला भूक लागायला वेळच मिळत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे ते स्पष्ट राहील. देवगडजवळच्या गावात तुम्ही सासू-सासऱ्यांबरोबर राहता, यजमान मुंबईत नोकरीला आहेत आणि दीड-दोन महिन्यांनी येतात. मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे, तिचे वजन ९.४ किलो आहे आणि पहिल्या वाढदिवसाला ते ८ किलो होते. अंगावरचे दूध सुटले आहे. घरच्या जेवणाला ती तोंड लावत नाही. सासूबाई वाटी घेऊन पडवीपासून माजघरापर्यंत तास-तास तिच्यामागे फिरतात आणि शेवटी मोबाइलवर गाणी लावल्यावर चार घास पोटात जातात. मात्र ती दिवसाला चार बाटल्या दूध पिते आणि सकाळ-संध्याकाळ आजोबांच्या चहात बुडवलेली बिस्किटे आवडीने खाते. भूक वाढण्यासाठी टॉनिक द्यावे का, सासूबाईंना न दुखावता हे कसे बदलावे आणि महिन्यावर आलेल्या गणपतीत घर भरल्यावर काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षे दवाखाना चालवते. ‘डॉक्टर, काहीच खात नाही हो’ हे वाक्य ज्या दिवशी ऐकू येत नाही असा दिवस विरळाच. मुलीला न तपासता मी निदान करू शकत नाही आणि शेवटी सांगितलेल्या काही खुणा दिसत असतील, तर मधला सगळा सल्ला बाजूला ठेवून तिला आधी दाखवून आणावे. पण तुम्ही वजनाचे दोन आकडे दिले आहेत, त्यामुळे बरेच काही सांगता येते.

वीस महिन्यांच्या मुलीचे मध्यम वजन जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार सुमारे १०.६ किलो असते आणि साधारण ८.४ किलोच्या खाली गेल्यावर आम्ही ‘कमी वजन’ म्हणतो. वर्षाच्या मुलीचे मध्यम वजन ८.९ किलो असते. तुमची मुलगी तेव्हाही मध्यरेषेच्या थोडी खाली होती आणि आजही जवळजवळ तितकीच खाली, त्या रेषेला समांतर चालली आहे. अंगाने लहान पण आपल्या रेषेवर चालणारे मूल आणि रेषा सोडून खाली घसरणारे मूल यांत मोठा फरक असतो आणि तुमची मुलगी पहिल्या प्रकारातली दिसते. शिवाय पहिल्या वर्षी मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या तिप्पट होते, तर दुसऱ्या पूर्ण वर्षात ते दोन ते अडीच किलोच वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आठ महिन्यांची असताना वाटी चाटूनपुसून खाणारी मुलगी दीड वर्षाची झाल्यावर तोंड फिरवते, ते बहुतेक वेळा याच कारणाने.

आता ती खरोखर किती खाते ते पाहू. या वजनाच्या मुलीला दिवसाला साधारण ७५० ते ८५० किलोकॅलरी पुरतात. गाईच्या २०० मिलीलिटर दुधातून सुमारे १३० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे चार बाटल्यांतून पाचशेच्या वर. दूध म्हशीचे असेल आणि पाणी न घालता देत असाल, तर हा आकडा आठशेपर्यंत जातो. त्यात बाटलीतली साखर आणि चहातली पाच-सहा बिस्किटे मिळवली, तर उरलेली भूक खरोखरच चार घासांची असते आणि तेवढे ती खाते. तेव्हा तिची भूक मेलेली नाही. ती जेवणाच्या वेळेआधीच भागलेली असते आणि त्यामुळे भुकेच्या टॉनिकाचा प्रश्न येथेच मिटतो. या नावाखाली मिळणाऱ्या अनेक औषधांत सायप्रोहेप्टाडिन असते. ते मुळात ॲलर्जीवरचे औषध आहे. त्याने मुले पेंगतात आणि वाढलेली भूक औषध थांबले की बहुधा ओसरते. वाढ ठीक असलेल्या मुलाला ते देण्याचे मला कारण दिसत नाही.

मला वजनापेक्षा काळजी वाटते ती लोहाची. दुधात लोह जवळजवळ नसते, दुधातले कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते आणि चहातले टॅनिन त्यात भर घालते. या वयाला रोज सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागते आणि दुधावर वाढणाऱ्या मुलांना त्याचा थोडाच भाग मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुले रक्तक्षयाची आढळली होती, त्यामुळे ही भीती पुस्तकी नाही. आणि रक्त कमी झाले की भूक आणखी मंदावते, म्हणून घरातले लोक आणखी दूध पाजतात. तुमच्या मुलीचे हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्यावे. आशाताई देतात ते लोहाचे सिरप, आठवड्यातून दोनदा १ मिलीलिटर, चालू आहे का, आणि जंताची गोळी मिळाली का, हेही पाहावे. दोन वर्षांखालच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी चुरून देतात. तपासणीत रक्त कमी निघाले, तर मात्र सिरपचा डोस डॉक्टरांनी ठरवावा लागतो.

यावर माझा मुख्य सल्ला असा की तिला वेगळे भरवणे थांबवावे आणि दिवसातले निदान एक जेवण सगळ्यांबरोबर द्यावे. त्या जेवणात काय वाढायचे, कधी आणि कुठे बसायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे तिच्यावर सोडावे. वाचायला सोपे वाटणारी ही विभागणी घरात पाळणे अवघड जाते, कारण दुसरा अर्धा भाग मोठ्यांच्या हातून सुटत नाही.

कोणते जेवण निवडावे, हे घराच्या रीतीवर अवलंबून आहे. आपल्याकडे अनेक घरांत रात्री नऊच्या पुढे पाने मांडली जातात आणि तोवर मूल झोपेने किरकिरे झालेले असते. त्या जेवणाचा हट्ट धरू नये. बहुतेक कुटुंबांना मी दुपारचे जेवण सुचवते. सकाळची पेज किंवा घावन आठला, मध्ये दहा-साडेदहाला एखादे केळे आणि मग साडेबारा-एकला जेवण, असा दोन-अडीच तासांचा मोकळा अवकाश राहिला, तर ती पाटावर बसेल तेव्हा तिला भूक असेल. या अवकाशात पाण्याखेरीज काही नको. बिस्किटाचा अर्धा तुकडाही नको आणि ‘एवढुसाच’ लाडूही नको. संध्याकाळी चारच्या सुमारास काही खाणे आणि रात्री साडेसात-आठला तिचे जेवण तुमच्यापैकी कोणीतरी एकाने तिच्या शेजारी बसून, स्वतःही दोन घास खात उरकावे.

त्यासाठी उंच खुर्ची विकत घेण्याची गरज नाही. भिंतीला टेकून किंवा पाटावर, पाठ सरळ आणि पाय टेकलेले, एवढे पुरते. तिचे स्वतःचे छोटे ताट असावे, खाली जुनी चादर पसरावी आणि सांडण्याकडे काही महिने दुर्लक्ष करण्याची तयारी ठेवावी. मात्र कढत पेजेचा टोप तिच्या हाताच्या टप्प्यात असू नये आणि आडाळी (विळी) काम झाल्याबरोबर आडवी करून उचलावी. या दोन गोष्टींमुळे होणाऱ्या इजा मी उपासमारीपेक्षा कितीतरी जास्त पाहते. ताटात प्रत्येक पदार्थ अगदी थोडा, वयाच्या दर वर्षामागे एक मोठा चमचा या हिशेबाने, वाढावा. तिला नक्की आवडणारा एक पदार्थ, बहुधा मऊ भात, रोज असावा आणि बाकी घरात जे शिजले असेल ते. नवा पदार्थ मूल स्वीकारते ते अनेकदा आठ-दहा किंवा त्याहून अधिक वेळा समोर आल्यानंतर, तेही कोणी आग्रह न करता. आजीच्या ताटातली शेवग्याची शेंग ओढून चोखणे, आमटीत बोट बुडवून चाटणे, तोंडात घालून थुंकणे हे सारे जेवण शिकण्याचेच भाग आहेत. वीस-पंचवीस मिनिटांनी ती उठू पाहील, तेव्हा तिचे हात धुवून तिला सोडावे आणि ताट उचलावे. पुढचे खाणे पुढच्या वेळी.

कोकणातले रोजचे जेवण या वयाला फार अनुकूल आहे, एवढेच की त्यातले तिचे ताट तिखट आणि मीठ पडण्याआधी बाजूला निघाले पाहिजे. वाटप घातलेली आमटी तिखट-मीठ टाकण्यापूर्वी एका वाटीत काढून ठेवली, तर तिच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागत नाही. उकड्या तांदळाची पेज उत्तम, पण पाणीच अधिक असेल तर पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही. ती घट्ट करावी, शिते बोटांनी मोडावीत आणि वर चमचाभर तूप किंवा मऊ शिजलेली मुगाची डाळ घालावी. कुळथाची पिठी आणि भात यांची प्रथिने एकमेकांना पूरक आहेत. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून ‘दूध कमी केले तर हाडे कशी वाढणार’ या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच फडताळातल्या नाचणीच्या सत्त्वाच्या डब्यात आहे. लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळावे किंवा जेवणानंतर पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर द्यावा. क जीवनसत्त्वाने वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते.

मासे देण्याबद्दल तुम्ही साशंक दिसता. जरूर द्यावेत. ३१ जुलैला मासेमारीची बंदी संपते, त्यामुळे आता बाजारात ताजे मासे आहेत. मुडदुशे, पापलेट, बांगडा यांचे मांस दिव्याखाली बोटांनी कुस्करून, प्रत्येक काटा चाचपून काढून, भातात कालवून द्यावे. तारली, मांदेली पौष्टिक असली तरी त्यांतले बारीक काटे या वयाला त्रासाचे, म्हणून ती थोडी थांबू शकतात. मोठी सुरमई आणि मोरी (शार्क) इतर मासे खाऊन मोठी होतात व त्यांच्यात पारा साचण्याचा संभव अधिक असतो, म्हणून ते क्वचित द्यावेत. अंगावर पुरळ किंवा ओठांवर सूज येते का, हे पहिल्या काही वेळा पाहावे. तिसऱ्यांत (शिंपल्यांत) लोह भरपूर असते, पण त्या बारीक चिरूनच द्याव्यात. जून-जुलैत ताजे मासे नसताना घरोघरी सुकट आणि सुके बोंबील निघतात. त्यांतले मीठ तिच्या मूत्रपिंडाला जड आहे, त्यामुळे त्या दिवसांत तिच्यासाठी अंडे, मूग, मसूर, चवळी असे काही ठेवावे. तुमचे घर शाकाहारी असते, तर मी हा परिच्छेद गाळून डाळी आणि कडधान्यांवर अधिक लिहिले असते.

घशात अडकण्याचा धोका मात्र गांभीर्याने घ्यावा. अख्खे काजू, शेंगदाणे, फुटाणे, ओल्या खोबऱ्याचे तुकडे, फणसाची अख्खी आठळ, करवंद-जांभळाच्या बिया हे पाच वर्षांपर्यंत नकोत. कूट करून, खवून किंवा उकडून कुस्करून चालेल. धावत्या किंवा हसत्या मुलाच्या तोंडात घास कोंबणे हा सर्वांत मोठा धोका आहे आणि मागे फिरून भरवण्याला माझा पहिला आक्षेप हाच आहे. ठसका लागून मूल खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघेनासा झाला, खोकताही येईना, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा आणि तेवढ्याने न सुटल्यास मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, असे आलटून पालटून, मदत बोलावत करावे. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये. हे घरातल्या प्रत्येकाने शिकून घ्यावे.

दूध कमी करण्याचा क्रम असा. एकूण दूध हळूहळू ४०० मिलीलिटरवर आणावे आणि ते बाटलीऐवजी पेल्यातून द्यावे. प्रथम जेवणाआधीची बाटली बंद करावी, मग काही दिवसांनी दुपारच्या झोपेची. झोपताना तोंडात राहणाऱ्या बाटलीने वरचे पुढचे दात किडतात, त्यामुळे रात्रीची बाटली कधी ना कधी सोडवावीच लागेल, पण तिच्यावर सर्वांत शेवटी यावे. तेथे रडारड सर्वाधिक होते आणि घराचा धीर तेथेच सुटतो. चहा पूर्ण बंद. आजोबांशी तिची जी सकाळची बैठक आहे ती मोडू नये. त्यांच्या शेजारी बसून तिने आपल्या वाटीतले घावन खावे. पहिले चार-सहा दिवस ती आत्ताहून कमी खाईल, कदाचित एखादे जेवण पूर्ण नाकारील. तापाने किंवा जुलाबाने आजारी नसलेले, पाणी पिणारे, खेळणारे मूल एका जेवणाने खंगत नाही. पण या दिवसांत कोणीतरी कळवळून बाटली तोंडात दिली, तर रडले की दूध मिळते एवढेच ती शिकेल आणि पुढचा प्रयत्न अधिक अवघड होईल.

सासूबाईंबद्दल तुम्ही ज्या सुरात लिहिले आहे त्यात राग आहे, तो समजण्यासारखा आहे. तरी त्यांच्या बाजूने हेही पाहावे की त्यांची मुले लहान असताना गोवर-जुलाबाच्या एका फेऱ्यात मूल हातचे जाई, आणि आजार येण्याआधी चार घास अधिक पोटात असणे हाच आईचा विमा होता. ती सवय वादाने जात नाही. मी अशा आज्यांना दवाखान्यात बोलावते, लसीकरणाच्या कार्डातला वाढीचा तक्ता समोर ठेवते आणि नातीचा ठिपका कोणत्या रेषेवर आहे ते त्यांनाच बोटाने दाखवायला लावते. सुनेने सांगितलेले आणि कागदावर दिसलेले यांत त्यांच्या लेखी फरक असतो, तो असू द्यावा. मग त्यांना काम द्यावे, कारण नुसते ‘भरवू नका’ म्हटले तर त्यांचा नातीशी असलेला धागाच काढून घेतल्यासारखे होते. माशाचे काटे निवडण्यात त्यांच्याइतके कुशल बोट घरात दुसरे नसेल. पंगतीत तिच्या शेजारची जागा त्यांचीच असावी, चिऊ-काऊचा एखादा घासही चालेल, फक्त तो तिने तोंड उघडल्यावर.

यजमानांनाही यात उतरावे लागेल. ते रोज जेवणाच्या वेळी व्हिडिओ कॉल करून ‘बाबांना दाखव कशी जेवतेस’ म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. हेतू गोड आहे, परंतु त्यामुळे जेवण हा सगळ्यांनी पाहण्याचा खेळ होतो आणि नाही म्हणण्यात तिला अधिकच मजा वाटते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांखाली स्क्रीन टाळायला सांगताना नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओवर बोलण्याची मोकळीक ठेवली आहे; तेव्हा कॉल जरूर व्हावा, जेवणानंतर हात धुऊन झाल्यावर. आणि सासूबाईंना काही सांगायचे असेल तर यजमानांनी आपल्या आईशी स्वतः बोलावे, तुमच्या तोंडून नव्हे. गाण्यांचा मोबाइल जेवताना एकदम बंद करावा. थोडा-थोडा कमी करण्याचा मार्ग माझ्या पाहण्यात क्वचितच यशस्वी झाला आहे.

पुढीलपैकी काही असेल तर थांबू नये: सलग दोन-तीन महिने वजन अजिबात न वाढणे किंवा घटणे, हातापायांचे तळवे व पापण्यांची आतली बाजू पांढुरकी दिसणे, माती किंवा भिंतीचा चुना खाणे, प्रत्येक जेवणात ठसका किंवा उलटी, घट्ट पदार्थ मुळीच गिळता न येणे, सततचा जुलाब किंवा खड्यासारखी शी. पूर्वी खात असलेले पदार्थ एकेक करून सोडून देणे, आणि त्याबरोबर हाकेला ओ न देणे किंवा बोललेले शब्द विसरणे, असे असेल तर विकासाची तपासणी लवकर करून घ्यावी. बद्धकोष्ठ अनेकदा जास्त दुधानेच होते आणि दूध कमी केल्यावर सुटते, पण ते डॉक्टरांनी पाहून ठरवावे.

राहता राहिले गणपती. चाकरमानी आले की प्रत्येक काका-आत्या एक मोदक हातात देणार आणि ‘बारीक झालीय गं’ म्हणणार, हे गृहीत धरावे. त्या पाच-सात दिवसांत नवे काही शिकवायला जाऊ नये. बाटल्या परत वाढू द्यायच्या नाहीत आणि कोणी जबरदस्तीने भरवायचे नाही, या दोन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे. मोदक जेवणानंतर खाल्ला तर बिघडत नाही. चतुर्थीला आरती आणि नैवेद्य होऊन पाने मांडेपर्यंत दोन-अडीच वाजतात आणि तोवर ती रडून झोपी जाईल, म्हणून तिच्यापुरता वरणभात आधीच काढून ठेवून बारा-साडेबाराला द्यावा. नैवेद्याआधी लहान मुलाने जेवण्याला आपल्याकडे कोणी दोष मानत नाही आणि कोणी मानलाच तर सासूबाईच त्याला उत्तर देतील असे पाहावे. तुमच्या हाती एक महिना आहे, म्हणून दुपारी सगळ्यांबरोबर जेवण आणि जेवणाआधीची बाटली बंद करणे या दोन गोष्टी याच आठवड्यात सुरू कराव्यात, विसर्जनानंतर अंगणवाडीत त्याच काट्यावर वजन करावे, आणि तो आकडा व हिमोग्लोबिन दोन्ही मला कळवावे.